ढकलणारा ट्रेलर: मोटर किती वॅटची, त्याआधी तो थांबणार कसा?

ऐरोलीहून एकांनी विचारलंय. घरी आई आणि बायको मिळून ४० डबे करतात, ते हे महापे एमआयडीसीत पोचवतात. एका बाजूने सात-आठ किलोमीटर. सायकल गिअरची आहे आणि तिची कापाकापी करायची नाही, कारण रविवारी पहाटे तीच पाम बीच रोडला जाते. म्हणून मागे ट्रेलर, ट्रेलरच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसणारी), आणि ट्रेलरनेच सायकलला ढकलत न्यायचं, अशी कल्पना आहे. बजेट २५ हजार. प्रश्न दोन: मोटर २५० वॅटची की ५०० ची? ट्रेलर एका चाकाचा की दोन चाकांचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. ग्रिल, शेड, हातगाड्या हे पोटापाण्याचं काम, सायकलींचे उद्योग हौसेचे. असे ढकलणारे ट्रेलर आजवर तीन केले. पहिला कापून भंगारात दिला. दुसरा पाण्याचे जार पोचवणारा एक जण वापरतो. तिसरा माझ्याकडे आहे आणि वेल्डिंग रॉडची खोकी नाहीतर नट-बोल्टची पोती घेऊन जवळपास रोज बाहेर पडतो. पुढचं सगळं या तिघांच्या जिवावर लिहितोय.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण खरी अडचण तिसरीच आहे आणि ती तुम्ही विचारलेली नाही. ट्रेलर ओढला की तो आपसूक सायकलच्या मागे सरळ येतो. ढकलताना उलटं होतं. थोडा जरी कोन आला, तरी ढकलणारा जोर तो कोन वाढवतच नेतो. हातगाडीवाले माल असला की गाडी ओढणं का पसंत करतात, ते एकदा चढावर गाडी ढकलून बघितलीत की कळेल. तेव्हा मोटर पुरेल का याचा घोर लावून घेऊ नका, ती पुरेल. वळणावर, ब्रेक दाबल्यावर, एखादी वायर निसटल्यावर ती ढकलायची थांबते का आणि किती लवकर थांबते, हे आधी बघायचं.

हे मला अंगाने शिकावं लागलं. पहिल्या ट्रेलरचा दांडा मी सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, जोडला होता. क्लॅम्प बसवायला सोपा, कुठे भोक पाडायला नको, दिसायलाही ऐटबाज. जुलै महिना, उपवन तलावाजवळचं डावं वळण, अंगठा थ्रॉटलवर, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणाऱ्या खटक्यावर, तसाच. कुणीतरी मागून सीट धरून उजवीकडे हिसडावी तसं झालं आणि मी रस्त्यावर. कोपराला तीन टाके. घरी आल्यावर बघतो तर सीटपोस्टवर क्लॅम्पने कोरलेली अर्धगोल, चकचकीत रेघ! क्लॅम्प जागच्या जागी फिरला होता आणि सीटलाही फिरवून गेला होता.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तोच हिशेब तुमच्यासाठी मांडतो. तुम्ही ७० किलोचे धरू, सायकल १५, रिकामा ट्रेलर बॅटरीसकट २०, भरलेले डबे ४० किलो. एकूण १४५ किलो. उड्डाणपुलाचा चढ ४ टक्के धरला तर १४५ चे ४ टक्के म्हणजे सुमारे ६ किलोचा जोर लागतो. टायरच्या घर्षणाला आणखी दीड-दोन किलो. एवढा जोर लावत ताशी १२ च्या वेगाने चढायचं तर सुमारे २५० वॅट लागतात, आणि त्यातले ७०-८० तुमचे पाय सहज देतात. सपाटीवर ताशी १८ ला सगळे मिळून १५० वॅट पुरे. तुमचा रस्ता मोठ्या भागात सपाट, आणि उड्डाणपूल नको असतील तर खालून जाता येतं. म्हणून २५० वॅट. तुम्ही गायमुखच्या घाटातून जाणारे असता किंवा येऊरला वर सामान चढवणारे असता, तर मी वेगळं बोललो असतो. तेव्हाही ५०० ची मोटर घ्या म्हटलं नसतं, ओझं कमी करा म्हटलं असतं.

कारण आता जोराची दिशा बघा. मोटर ६ किलोने ढकलतेय आणि वळणावर ट्रेलर नि सायकल यांच्यात ३० अंशांचा कोन झालाय. त्यातला निम्मा जोर, ३ किलो, सायकलच्या मागच्या अंगाला आडवा ढकलतो. हाच जोर मागच्या एक्सलला, म्हणजे चाकाच्या आसाला, जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर लागला तर सायकल तो खपवून घेते. सीटपोस्टला, ८० सेंटिमीटरवर लागला तर पाडायची ताकद दुपटीहून जास्त होते. आणखी एक गंमत आहे. ढकलताना ट्रेलरचं नाक वर उचललं जातं. एक मीटरच्या दांड्याला एक्सलवरच्या जोडणीत ते साधारण २ किलोने हलकं होतं, सीटपोस्टवर जवळपास ५ किलोने. दांड्यावर मुळात वजन कमी असेल तर चढावर ट्रेलर तुमचं मागचं चाक जमिनीवरून सुटं करायला बघतो. म्हणून डबे रचताना दांड्याच्या टोकावर ६ ते ८ किलो भार येईल असे पुढच्या बाजूला रचा. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून बघा, अंदाजाने नको.

५०० वॅटची मोटर घेतली की पूर्ण थ्रॉटलला यातले सगळे आकडे जवळपास दुप्पट. शिवाय कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ३० मिनिटांची पॉवर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, आणि नियमांत नेमलेल्या चाचणी संस्थेने हे तपासून मान्य केलं असेल, तर बॅटरीवरचं वाहन मोटार वाहनात धरत नाहीत. मी सायकल आणि ट्रेलर मिळून सगळी वरात या मर्यादेत बसवतो.

मोटर गिअरवाली हब घ्या आणि ती २० इंची रिममध्ये ओवून घ्या. २६ इंची चाकात ताशी २५ देणारी मोटर २० इंचीत साधारण १९ देते, आणि त्या बदल्यात जमिनीवरचा जोर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. आपल्याला नेमकं हेच हवंय. गिअरवाल्या हबमध्ये एकतर्फी क्लच असतो, त्यामुळे मोटर बंद असताना ट्रेलर अडवत नाही. पण मागे घेताना तोच क्लच धरतो आणि मोटर गिअरसकट उलटी फिरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा असेल तर ते चाक उचलूनच घ्यावं लागतं. माझ्या वॉचमनला वाटायचं, ब्रेक जाम झालाय.

आता एक चाक की दोन. एका चाकाचा ट्रेलर ढकलायला खरं तर जास्त चांगला. जोर मधोमध, सगळं वजन मोटरच्या चाकावर, अरुंद गल्लीतून जातो. पण तो सायकलबरोबर कलतो आणि सायकल उभी केली की स्वतः उभा राहत नाही. तुम्ही दहा ठिकाणी थांबणार, आणि डब्यात वरण-आमटी. वरण सांडलं की मोटरचं कौतुक कुणी ऐकत नाही. तेव्हा दोन चाकं, पण रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर, सायकलच्या हँडलपेक्षा जास्त नको. हँडल जिथून गेलं तिथून ट्रेलर जाणार, हा हिशेब डोक्यात पक्का राहतो.

दोन चाकांपैकी मोटर एकातच बसणार, म्हणजे ढकलणं एका अंगाने होणार. ही मोटर डाव्या चाकात घाला. त्याची कारणं दोन. दांडा सायकलच्या मागच्या चाकाला वळसा घालून डावीकडच्या एक्सलला येतो, कारण उजवीकडे चेन आणि गिअर बदलणारा डिरेलर. जोर आणि जोडणी एकाच बाजूला आली की ट्रेलर वाकडा व्हायची ओढ कमी होते. दुसरं म्हणजे आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, तिथे पाणी निथळायला उतार डावीकडे असतो आणि ट्रेलर तिकडे घसरत राहतो. डावं चाक ढकलतं तेव्हा ट्रेलरचं नाक किंचित उजवीकडे वळतं, ते या घसरण्याला तोलून धरतं. दुसऱ्या ट्रेलरला मी मोटर उजवीकडे घातली होती. जारवाला रोज तक्रार करायचा की गाडी गटाराकडे जाते. चाकं अदलाबदल केली आणि तक्रार बंद झाली.

याच कारणाने बॅटरीही डावीकडे, मोटरच्या चाकाला चिकटून ठेवा. भरलेला ट्रेलर पकड घेतो, अडचण परतीला येते. रिकामे स्टीलचे डबे मिळून १२ किलो धरले तर डाव्या चाकावर जेमतेम १३-१४ किलो उरतात. ओल्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ४० टक्केच जोर धरतो, म्हणजे साडेपाच किलो, आणि मोटर लावू बघते सहा. पावसात पुलाच्या चढावर किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर चाक जागीच फिरतं. चार किलोची बॅटरी त्या बाजूला सरकवली की हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपचा, १६ गेजचा (पत्र्याची जाडी साधारण १.६ मिलिमीटर) करा. मीटरला साधारण १ किलो २०० ग्रॅम भरतो, सात मीटरमध्ये काम होतं. वेल्डिंगला विशेष काही नाही, कुठलाही चांगला ग्रिलवाला करेल. एकाच जागी त्याच्या मागे उभे राहा: मोटरचा एक्सल बसतो ती खाच. हब मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो. मोटर चाक फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सल उलटा फिरायला बघतो. खाच सैल असली की तो चपट्या कडा गोल करत फिरतो आणि बाहेर आलेली केबल पिळून तोडतो. पाइपाला नुसतं भोक पाडून भागत नाही. ६ मिलिमीटरची पट्टी घ्या, कानसेने खाच एक्सलच्या मापाची घासा, इतकी की एक्सल हाताने दाबल्यावर ‘टक्’ होऊन बसावा. मग ती पट्टी सांगाड्याला वेल्ड करा. दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या, वर वॉशर आणि नट.

जोडणी हा या सगळ्याचा जीव. ओढायच्या ट्रेलरला लोक जाड रबरी होजचा तुकडा वापरतात, ओढायला तो उत्तम. ढकलताना तो मधोमध वाकतो आणि मग अचानक सरळ होतो, तो धक्का पायडलपर्यंत येतो. मी रॉड एंड वापरतो, म्हणजे आत गोळा बसवलेला लोखंडी डोळा. मशिनरीच्या दुकानात १० मिलिमीटरचा मागा. मागच्या एक्सलच्या नटाखाली ५ मिलिमीटरची पट्टी, तिच्यातून उभा बोल्ट, त्यावर हा डोळा, वर नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारा, नट. दांड्याचं पुढचं वीतभर टोक पाइपात पाइप घालून फिरतं ठेवा, म्हणजे सायकल कलंडली तरी डबे उभेच राहतात. बोल्ट भोकात अजिबात खेळता कामा नये. ओढणं आणि ढकलणं दर मिनिटाला बदलत असतं, अर्धा मिलिमीटर जरी सैल असला तरी खटखट सुरू होते आणि महिन्याभरात भोक लांबट होतं. शिवाय नायलॉनचा एक पट्टा दांड्यापासून सायकलच्या फ्रेमला, बोल्ट तुटलाच तर ट्रेलर कंटेनरखाली जाऊ नये म्हणून.

ब्रेकबद्दल बरेच जण एक चूक करतात, मीही करणार होतो. काही ट्रेलरला आपोआप लागणारा ब्रेक असतो. पुढची गाडी थांबली की ट्रेलर तिला मागून दाबतो, त्या दाबाने दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो. आपल्या ट्रेलरला ही युक्ती चालत नाही, कारण तो चालतानाही सायकलला दाबतच असतो. ढकलतोय की अंगावर येतोय, हे त्या दांड्याला कळणार कसं? म्हणून एका लिव्हरला दोन केबल जोडता येतात तसला लिव्हर घ्या. एक केबल सायकलच्या मागच्या ब्रेकला, दुसरी ट्रेलरच्या उजव्या, बिनमोटरच्या चाकाला. दांड्यापाशी केबलला ढिली वळी ठेवा, नाहीतर वळताना ब्रेक स्वतःच लागेल. १४५ किलो निव्वळ सायकलच्या रबरी पॅडवर थांबवायचे, तेही पावसात, हा जुगार आहे.

विजेच्या बाजूला थ्रॉटल अंगठ्याचाच घ्या. पायडलच्या सेन्सरवर चालणारी मोटर पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. सायकलच्याच चाकात मोटर असेल तर ते चालून जातं, मागून ढकलणाऱ्या ट्रेलरला नाही. दोन्ही ब्रेक लिव्हर कट-ऑफचे हवेत, लिव्हर हलला की मोटर बंद.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट वाचा. बहुतेक कट-ऑफ लिव्हरमध्ये ब्रेक दाबला की सर्किट जोडलं जातं. म्हणजे ती वायर कुठे तुटली किंवा ट्रेलरचा कनेक्टर अर्धवट निसटला, तर कट-ऑफ गुपचूप मरतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. थ्रॉटलचं त्याहून वाईट. त्याची अर्थची वायर तुटली तर स्वस्तातल्या कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीला) वाटतं की अंगठा पूर्ण दाबलाय, आणि ट्रेलर सुसाट सुटतो. माझ्या तिसऱ्या ट्रेलरच्या वेळी हे वर्कशॉपमध्येच झालं, चाक स्टँडवर होतं म्हणून फक्त टेबलावरचा चहा सांडला.

यावर उपाय स्वस्त आहे. कंट्रोलरला एक बारीक इग्निशनची वायर असते. तिला बॅटरीची वीज मिळाली तरच तो जागा होतो. ती वायर थेट न जोडता, ट्रेलर आणि सायकलच्या वायरी जोडणाऱ्या त्याच मल्टिपिन कनेक्टरमधून हँडलपर्यंत न्या, तिथे एका लाल स्विचमधून फिरवून परत आणा, आणि बॅटरीपाशी तिला १ अँपिअरचा फ्यूज लावा. कनेक्टर सुटला की इग्निशन तुटते आणि कंट्रोलर मरतो. काहीही विचित्र वाटलं तर अंगठ्याने लाल स्विच दाबायचा. शिवाय रोज सकाळी डबे रचायच्या आधी डावं चाक उचलायचं, थ्रॉटल द्यायचा, एकेक ब्रेक दाबून चाकाची मोटर बंद पडते का बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-अवरची, लिथियम आयर्न फॉस्फेटची, चांगल्या बीएमएससकट (सेलना जास्त भरण्या-उपसण्यापासून वाचवणारं सर्किट). एवढ्या ओझ्याला किलोमीटरला १२ वॅट-अवर धरले तर १६ किलोमीटरला २०० च्या आत होतं, आणि तुमच्याकडे ३६० असतात. बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा इथेच जाईल, तो जाऊ द्या. लेड-ॲसिडच्या तीन बॅटऱ्या स्वस्त पडतात आणि त्यांचं वजन पकडीला कामी येतं हे खरं, पण रोज पूर्ण उपसल्या तर वर्ष काढणं कठीण. चार्जर बॅटरीच्या प्रकाराचाच हवा: १२ सेलची फॉस्फेट ४३.८ व्होल्टला भरते, १० सेलची साधी लिथियम ४२ ला. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावू नका. आणि रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावू नका, आग लागली तर सगळ्यांची बाहेर पडायची वाट तीच असते.

पावसाचं एकच माप लक्षात ठेवा. २० इंची चाकाचा मध्य जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर असतो, हबची खालची कड १८-१९ वर. म्हणजे रस्त्यावरचं पाणी नडगीच्या मध्याला यायच्या आतच मोटर पाण्यात गेली. पाणी एक्सलमधून जिथे केबल बाहेर येते तिथून शिरतं. तिथे केबल आधी खाली लोंबवून मग वर घ्या, म्हणजे थेंब हबकडे न जाता खाली गळतात. कंट्रोलरही वायरींचं तोंड खाली करून बसवा. खाडीच्या हवेने आपल्याकडे वेल्डचे जोड सहा महिन्यांत तांबडे होतात, तेव्हा गंज रोखणारा रेड ऑक्साइड आणि वर रंग, आळस नको.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. एक, तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्याच्या मुख्य लेनमधून जाता की आतल्या रस्त्यांनी. मुख्य रस्त्यावर कंटेनरच्या शेजारून ताशी १८ ने ट्रेलर घेऊन जाणं मला पटत नाही, आतून दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. दोन, डब्यांची उंची. दोन थरांच्या वर रचणार असाल तर ट्रेलरचा तळ चाकांच्या एक्सलच्या खाली घ्यावा लागेल, आणि मग आराखडाच बदलतो.

ट्रेलर तयार झाला की पहिले आठ दिवस डब्यांऐवजी वाळूच्या पिशव्या घाला आणि रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर वळणं, ब्रेक, पुलाचा चढ, सगळं करून बघा. वळणाच्या आधी अंगठा काढायची सवय हाताला लागेपर्यंत डबे नेऊ नका.

जोडणीच्या पट्टीचं माप हवं असेल तर सायकलच्या मागच्या एक्सलचा डाव्या बाजूने जवळून काढलेला फोटो टाका. नटाचा एक्सल आहे की क्विक रिलीजचा (पान्याशिवाय, हातानेच खटका उघडून चाक काढता येतं तो), हे त्यात दिसलं पाहिजे. क्विक रिलीज असेल तर आधी तो बदलून सॉलिड एक्सल घालावा लागेल.